वीज खरंच बंद झाली का? टेस्टर, मल्टिमीटर की दोन टोकांचा टेस्टर

एमसीबी (मेन बोर्डातला, त्या लाइनची वीज तोडणारा स्विच) खाली केला, दिवा विझला, म्हणजे आता हात घालायला हरकत नाही, असं धरून बोर्ड उघडू नका. कुणी स्विच फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवला असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच असतो. शिवाय एकाच बोर्डात दोन वेगळ्या एमसीबींच्या वायरी असू शकतात, इन्व्हर्टरची लाइनही असू शकते. म्हणून तपासायचं तर नीट. कशाने, हा प्रश्न.

बहुतेकांच्या घरात निऑनचा टेस्टर असतोच, स्क्रू-ड्रायव्हरसारखा. तो पेटला तर फेज आहे हे कळतं. पण तो पेटला नाही म्हणून फेज नाही, असं समजणं घातक. त्यातल्या साधारण १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून पाव मिलिअँपिअरहूनही कमी करंट तुमच्या शरीरातून जमिनीत जातो, तेव्हा तो दिवा पेटतो. ती वाटच बंद असेल तर तो पेटणार कसा? मी एकदा लाकडी स्टुलावर, पायात रबरी चपला घालून ट्यूबलाइटच्या वायरीला टेस्टर लावला. भर दुपारचं ऊन खोलीत होतं. टेस्टर पेटलेला दिसला नाही. वायर धरली, डावा हात ओलसर भिंतीला टेकला आणि झटका बसला. तेव्हापासून ‘बंद आहे’ हे ठरवायला मी तो वापरत नाही.

वायरीला न टेकता बीप करणारा बॅटरीवाला टेस्टर सोपा आहे. पहिली चाचपणी म्हणून मला तो आवडतो, कारण उघड्या तारेजवळ बोट न्यावं लागत नाही. मात्र शेजारच्या वायरीमुळेही तो वाजतो, आणि वायर लोखंडी पाइपात असेल किंवा बॅटरी उतरली असेल तर गप्प बसतो.

मल्टिमीटर आकडा दाखवतो, हा त्याचा मोठा फायदा. पण मोजायचं तिन्ही जोड्यांत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एकाच जोडीवर थांबलात तर फसाल. समजा सॉकेटमागे न्यूट्रल तुटला आहे आणि त्याच लाइनवर एखादं उपकरण चालू आहे. मग उपकरणातून फिरून फेज न्यूट्रलच्या भोकातही येतो. निऑन टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, आणि मल्टिमीटर त्या दोघांमध्ये शून्य व्होल्ट दाखवतो. शून्य बघून निश्चिंत झालात तर संपलं. कारण अर्थला मोजलं तर दोन्हीकडे २३० आहेत.

दुसरी अडचण उलटी. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो, त्यामुळे बंद वायरीतही शेजारच्या वायरीमुळे ३०-४० व्होल्ट दिसतात आणि डोकं चक्रावतं. तिसरी जास्त वाईट: मीटरची लाल वायर अँपिअरच्या, म्हणजे करंट मोजायच्या, भोकात राहिली आणि तसंच सॉकेटमध्ये मोजलं तर थेट शॉर्ट. घ्यायचाच असेल तर कॅट ३ (मीटरची सुरक्षा-श्रेणी) लिहिलेला घ्या आणि दर वेळी आधी वायरी कुठल्या भोकात आहेत ते बघा.

घरात वारंवार बोर्ड उघडणार असाल तर मी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या म्हणेन, आयईसी ६१२४३-३ या मानकाचा. तो खास याच कामासाठी बनलेला आहे. दोन प्रोब, मध्ये वायर, त्यावर दिवे. चुकीच्या भोकात घालायला भोकच नाही. रोध कमी असल्याने ते भासाचे व्होल्ट त्यात बहुतेक गळून पडतात. फेज आणि अर्थमध्ये लावल्यावर कधी आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) पडेल, तेवढं ध्यानात ठेवा.

बल्ब होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प मात्र नको. न्यूट्रल तुटला असेल तर तो विझलेलाच राहतो, आणि काच हातात फुटण्याची भीती वेगळी.

कोणतंही साधन असो, आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून बघा, मग काम करायच्या जागी, आणि मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. तिसऱ्या वेळी ते दाखवत नसेल, तर मधली तपासणी धरायची नाही. एमसीबीवर चिठ्ठी लावा, घरातल्यांना सांगा, आणि इन्व्हर्टरही बंद करा.