चाकांवरची सोलर केबिन: साइटवर दहा महिने वापरल्यानंतर

पारोळ्याकडच्या रस्त्याच्या कामावर दिवाळीनंतर ही केबिन भाड्याने घेतली, आता पोळा झाला. आत आठ जण जेवतील एवढं टेबल, बेसिन, बाया-माणसांचे वेगळे संडास, टपावर दोन किलोवॉटचे पॅनल, खाली बॅटऱ्या आणि अडीनडीला छोटा जनरेटर. काम सरकलं की ट्रॅक्टरला जोडून पुढे न्यायची.

आमच्याकडे खडी टाकायला बऱ्याच बाया आहेत आणि आधी त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, कारण जायचं कुठे, कपाशी उपटल्यावर तर शिवारात आडोसाही राहत नाही. केबिन आल्यावर पंधरा दिवसांनी एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, आते पानी पेवाले भ्याव नही वाटस." मला लाज वाटली हो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच साइटवर पिण्याचं पाणी आणि संडास देणं बंधनकारक केलं होतं, आणि आम्ही इतकी वर्षं काय करत होतो?

सोलर हिवाळ्यात एक नंबर. लाइट, दोन पंखे, पाण्याची मोटर, सगळ्यांचे मोबाइल, जनरेटरला हात लावला नाही. मे महिन्यात मात्र वांधे झाले. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं आपल्याला वाटतं पण पॅनल तापलं की वीज घटते, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के, आणि आपल्याकडे पारा ४५ ला गेला की पॅनल त्याच्याही कितीतरी वर तापतं, त्यात मुरमाची धूळ. म्हणून रोज सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात मारू नका, तडकू शकते.

सगळ्यांचा हट्ट की गाडी निंबाखाली लावा. पण सावली पडली की बॅटरी चार्जच होत नाही, शेवटी गाडी उन्हात ठेवली आणि बाजूला हिरवी नेट बांधून बसायची सोय केली. बॅटऱ्या साध्या, पाणी टाकायच्या, उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी बघावं लागलं तरी एक बसलीच, आणि भाड्याने देणाऱ्याने बदलायला तीन आठवडे लावले. पुढच्या वेळी लिथियमवालीच घेणार. पावसात काळ्या मातीत चाकं रुतली, जेसीबीने ओढली, खाली मुरूम टाकल्याशिवाय उभी करू नका.

आणि बायांच्या संडासाची आतली कडी पहिल्या दिवशीच बघून घ्या. आमची हलकी होती, तुटली, नवीन बसवेपर्यंत दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस बायांच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच परत गेल्या.