टेन्शिओमीटर : संत्रावाल्यांनी घ्यावा का?

मातीची ओल कळावी म्हणून वरूडच्या एका कृषी केंद्रातून दोन टेन्शिओमीटर आणले, एक फूटभर खोलीचा, दुसरा दोन फुटांचा. खाली चिनीमातीचं सच्छिद्र टोक, वर सेंटिबारचा (म्हणजे ओढीच्या मापाचा) काटा. माती सुकली की नळीतलं पाणी ओढते आणि काटा चढतो. बस, एवढंच यंत्र.

आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) फळं लहान असताना उष्णतेची लाट आली की फळगळ ठरलेली. लाटेआधी पाणी देऊन काटा 30 च्या आसपास राखला, तर माझ्याकडे गळ आटोक्यात राहिली. ओल्या मातीत उन्हाची बरीच ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते. एका लिटरला साधारण 580 किलोकॅलरी. ओल संपली की तेच ऊन माती आणि हवा तापवतं. युरोपातल्या 2003 च्या लाटेआधीही वसंतातच जमिनी सुकल्या होत्या. अर्थात एका बगीच्याच्या ओलीनं तालुक्याची लाट हटत नाही, दुकानदार काहीही सांगो!

आता खोट. काटा 80 पार गेला की नळीत हवा शिरते. मग उकळून गार केलेलं पाणी भरत बसा. आपल्या काळ्या मातीला भेगा पडल्या की टोक मातीपासून सुटतं आणि काटा भलतंच दाखवतो. त्यामुळे झाडाखाली कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) आच्छादन हवंच. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, हा वेगळा वैताग.

ठिबक असेल तर घ्या. पाटपाणी असेल तर पैसे कुटारात घाला.