लांब पल्ल्यासाठी सीट: जेल पॅड, हवेची गादी की नवा फोम?

नागपूरहून अमरावती म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्याच रस्त्याने जायचं. एवढ्या अंतरात सीट खरी कशी आहे ते कळतं. दुकानात अंगठ्याने दाबून मऊ लागलेली सीट तासाभरात बसते आणि बैठकीची हाडं थेट खालच्या पाट्यावर टेकतात. मऊपणापेक्षा आधार महत्त्वाचा.

जेल पॅड नागपूरच्या मे महिन्यासाठी घेऊच नये. उन्हात उभ्या गाडीवर ते तापतं आणि लवकर निवत नाही. हवेची गादी त्याहून बरी, खालून वारा खेळतो. पण बहुतेक जण ती टम्म फुगवतात आणि मग वळणावर डुलतात. आधी फुगवा, गाडीवर बसा, मग हाडं सीटपासून जेमतेम बोटभर वर राहतील इतकीच हवा ठेवा.

सगळ्यात पटणारा उपाय सीट कव्हरवाल्याकडून फोम बदलून घेण्याचा. खाली घट्ट रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला), वर मऊ फोमचा पातळ थर. पुढचा उतार कमी करायला सांगा, नाहीतर ब्रेक मारला की टाकीवर घसरायला होतं. मात्र उंची वाढली की पाय जमिनीला पुरतात का, ते रेक्झिन ठोकण्याआधी बसून बघा. बैठकीच्या जागी शिवण नको, ती टोचते आणि तिथूनच पावसाचं पाणी फोममध्ये मुरतं. रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद घालायला विसरू देऊ नका.