समुद्री माशांचा व्हाइट स्पॉट : तांबे, क्लोरोक्वीन, कमी खारटपणा की टाकीबदल?

माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की पहिला प्रश्न कोणते औषध टाकायचे हा असतो. त्याआधी मात्र दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: परजीवी नेमका कोणता आहे, आणि जो उपाय निवडू त्याची पाण्यातील पातळी रोज मोजायची सोय आपल्याकडे आहे का. औषध किती जालीम आहे यापेक्षा ते आपल्याला किती अचूक मोजता येते याला अधिक वजन द्यावे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सर्व तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

समुद्री व्हाइट स्पॉटचा कारक क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा सूक्ष्म केसाळ आदिजीव आहे. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजचे नाव त्याला १९५१ मध्ये मिळाले. उपायांची निवड त्याच्या जीवनचक्रावरच अवलंबून असल्यामुळे ते नीट समजून घेतले पाहिजे. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तो ३ ते ७ दिवस पेशी खात वाढतो, मग बहुधा अंधारात मासा सोडून खाली उतरतो, वाळूवर, खडकावर किंवा काचेवर चिकटून स्वतःभोवती कोश करतो, आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, त्या कोशातून पोहणारी शेकडो नवी पिल्ले बाहेर पडतात, ज्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. कातडीखाली असताना आणि कोशात असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. औषधाने मारता येतो तो फक्त पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणूनच चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके गेले याचा अर्थ मासा बरा झाला असा होत नाही. माझ्या पिवळ्या टँग माशाच्या बाबतीत मी हीच चूक केली होती: पाचव्या दिवशी अंग स्वच्छ दिसले, खाणे सुधारले, म्हणून मी उपचार थांबवला, आणि दहा-बारा दिवसांनी त्याचे पर आधीपेक्षा दाट ठिपक्यांनी भरले.

ठिपके सुटे आणि मोजता येण्याजोगे असतील तर बहुधा क्रिप्टो, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, समजावा. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी बारीक धूळ असेल, टॉर्चच्या तिरप्या उजेडात तिला सोनेरी झाक येत असेल, आणि ठिपके दिसण्याआधीच मासा धापा टाकत पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून उभा राहत असेल, तर तो अमायलूडिनिअम हा दुसरा परजीवी, म्हणजे वेल्व्हेट असण्याची शक्यता मोठी आहे. हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण क्रिप्टो साधारणपणे विचार करायला काही दिवस देतो, तर वेल्व्हेट काही दिवसांत अख्खी टाकी रिकामी करू शकतो. शिवाय वेल्व्हेट कमी खारटपणातही तग धरतो, त्यामुळे पुढे दिलेल्या चारपैकी दोनच मार्ग त्याच्यासाठी उरतात.

त्यातला पहिला मार्ग तांब्याचा. हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त तपासलेला उपाय असून क्रिप्टो आणि वेल्व्हेट या दोन्हींवर चालतो. मुक्त आयनी तांब्याची पातळी ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवावी लागते. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने बांधून ठेवलेल्या तांब्याची पातळी मात्र साधारण १.५ ते २.५ असते आणि ती त्या त्या बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच पाळावी. या दोन आकड्यांत सुमारे दहापटीचे अंतर आहे, त्यामुळे एकाचे लक्ष्य दुसऱ्याला लावले तर मासा तरी मरतो किंवा परजीवी तरी सुखाने जगतो. पातळी एकदम न चढवता दोन-तीन दिवसांत चढवावी, पुढे महिनाभर स्थिर ठेवावी, आणि मध्येच ती खाली घसरली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. रंग जुळवण्याच्या साध्या किटमध्ये दोन शेजारच्या निळ्या छटांत डोळा फसतो. तांब्याचा मार्ग धरायचा असेल तर आकडा दाखवणारा छोटा डिजिटल कलरीमीटर आधी घ्यावा आणि औषध नंतर. तांबे असलेल्या पाण्यात अमोनिया बांधणारी द्रावणे टाकू नयेत, कारण त्यांतील काही द्रावणे बांधलेले तांबे मोकळे करतात आणि ते माशाला विषारी ठरते. तांब्याने भूक मंदावते. शार्क, रे आणि मँडरिन या माशांना ते देऊ नये. काही अँजेलफिशच्या बाबतीत फार सावध राहावे.

दुसरा मार्ग क्लोरोक्वीन फॉस्फेटचा, म्हणजे मलेरियावरच्या ओळखीच्या औषधाचा. साधारण १० ते १५ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढी मात्रा दिली की तेही दोन्ही परजीवींवर चालते, आणि अनेक मासे या औषधात तांब्यापेक्षा चांगले खातात. अडचण अशी की पाण्यात ते किती उरले हे घरी मोजता येत नाही. उजेडाने ते विघटित होते, काही टाक्यांत जिवाणूही ते खाऊन टाकतात, आणि भुकटी कितपत शुद्ध आहे हे डोळ्यांना कळत नाही. रास (wrasse) जातीच्या माशांना ते सोसत नाही. खात्रीचे शुद्ध औषध आणि माशांचा अनुभव असलेला पशुवैद्य हाताशी असेल तरच या वाटेला जावे.

कमी खारटपणाचा उपाय औषधाविना चालतो आणि म्हणूनच नवख्या माणसाला मोहात पाडतो. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व नेहमीच्या १.०२५ वरून १.००९ च्या आसपास उतरवून शेवटचा ठिपका गेल्यानंतर निदान महिनाभर तिथेच ठेवायचे, म्हणजे पातळ पाण्यात कोश फुटतात आणि परजीवीचे चक्र तुटते. माशाला याचा त्रास तुलनेने कमी होतो, आणि अंगाला चिकटणारे काही चपटे कृमीही सोबत मरतात. पण बाष्पीभवनाने एका दिवसात पातळी १.०११ वर गेली तरी सगळे मुसळ केरात जाते, म्हणून खारटपणा मोजणारा, अचूक जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर आणि गोड्या पाण्याची रोजची भर यांना पर्याय नाही. काटा फिरणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरवर विसंबू नये. पातळ पाण्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, कमी असल्यामुळे पीएच घसरतो, तोही सांभाळावा लागतो. पाणी परत खारे करताना घाई चालत नाही, त्याला कित्येक दिवस द्यावे लागतात. क्रिप्टोचे काही वाण कमी खारटपणा सहन करतात हेही लक्षात ठेवले पाहिजे. वेल्व्हेटची शंका जरी असली तरी हा उपाय बाद समजावा.

निदान क्रिप्टोचेच असेल आणि मासे थोडे व लहान असतील, तर मी टाकीबदलाच्या बाजूने आहे. इस्रायलमधील एलातचे संशोधक अँजेलो कॉलोर्नी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात या पद्धतीचा पाया आहे. कोश पिकायला निदान तीन दिवस लागतात, तेव्हा दर ७२ तासांच्या आत मासा नव्या, कोरड्या केलेल्या टाकीत हलवला की खाली पडलेले कोश फुटण्याआधीच मागे राहतात. असे चार बदल, म्हणजे सुमारे १२ दिवस, पुरतात. टाकीत वाळू नको, खडक नको. फक्त हीटर, हवेचा दगड आणि लपायला पाइपचा एक तुकडा. हलवताना जुने पाणी शक्य तितके कमी सोबत जावे, आणि ओले झालेले काहीही, अगदी जाळी आणि तुमचे हातसुद्धा, धुवून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नव्या टाकीला लागू नये. जाळीत माशाची कातडी खरवडते, त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या चाळणीने किंवा भांड्याने उचलणे बरे. दर तीन दिवसांनी पाणी कोरे असल्यामुळे अमोनिया फारसा साचत नाही, आणि औषध नसल्यामुळे नाजूक मासाही हे सहन करतो. किंमत मोजावी लागते ती श्रमांची: ऐन वेळी ७२ चे ८० तास झाले तर आधीचे सगळे दिवस वाया जातात. आठ-दहा मोठ्या टँग असलेल्या माणसाला हे झेपणार नाही. त्याने तांबेच घ्यावे. वेल्व्हेटसाठी टाकीबदलावर एकट्याने भरवसा ठेवू नये.

क्लाउनफिशच्या अंगावर ठिपक्यांऐवजी पांढरट चिकट साय सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी असू शकतो. त्यावर वरीलपैकी काहीच खात्रीने लागू पडत नाही, फॉर्मॅलिनचे मोजून दिलेले स्नान लागते, आणि त्यात वेळ दवडता येत नाही.

यांपैकी कोणताही उपाय प्रवाळ, कोळंबी आणि शंख असलेल्या मुख्य टाकीत करू नये. तांबे आणि क्लोरोक्वीन त्यांना मारतात, कमी खारटपणाही मारतो, आणि तांबे तर खडक व वाळूत मुरून बसते. प्रवाळांना अपाय न करता परजीवी मारण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालण्याऐवजी एक रिकामी टाकी, हीटर आणि उपयोगी जिवाणू मुरवलेला स्पंज फिल्टर तयार ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

सगळे मासे बाहेर काढल्यावर मुख्य टाकी माशांविना ठेवायची. कोश ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे, म्हणून ७६ दिवसांचा पल्ला धरतात. या काळात दुसऱ्या टाकीतून आणलेला एक शंख किंवा प्रवाळाचा तुकडा आत घातला, तर त्याच्या पाठीवरून नवे कोश येऊ शकतात आणि ७६ दिवसांची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागते.