‘इरोदोरी’ वापरल्यानंतर: बोलण्यासाठी शिकलेलं जपानी

केअरगिव्हर म्हणून जपानला जायची तयारी करतेय, त्यासाठी गेल्या पावसाळ्यात ‘इरोदोरी’ सुरू केलं. जपान फाउंडेशनची ही तीन पुस्तकं २०२० मध्ये आली: स्टार्टर (ए१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी), एलिमेंटरी १ आणि २ (ए२, त्याच्या पुढची पातळी). प्रत्येकात १८ धडे. पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही मोफत डाउनलोड होतात.

धडा कशासाठी आहे हे सुरुवातीलाच कळतं. अमुक क्रियापदाचं रूप शिका असं नाही, तर दुकानात विचारता येणं, तब्येत बरी नाही हे सांगता येणं, कामावरची सूचना समजणं, असं काहीतरी जमवायचं असतं. स्टार्टरच्या दुसऱ्याच धड्यात ‘सुमिमासेन, योकु वाकारिमासेन’ येतं, म्हणजे ‘माफ करा, नीट समजलं नाही’. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. आधीच्या क्लासमध्ये एन५ साठी (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वात सोपी पातळी) क्रियापदांची रूपं घोटून घेतली, पण समोरच्याला थांबवून पुन्हा विचारायचा सराव कधीच झाला नाही. आजीआजोबांना उठवताना-बसवताना सूचना अर्धवट कळून चालणारच नाही. तिथे विचारता आलंच पाहिजे.

संवाद आधी चित्रं बघत ऐकायचे, मग वाक्याची रचना टिपायची, मग बोलायचं. ऑडिओचा वेग सुरुवातीला झेपत नाही. संवादाची लिखित प्रत धड्याच्या शेवटी आहे, ती लगेच उघडू नका. चार वेळा ऐकल्यावर कानाला सवय होते.

एकट्याने केलं तर मात्र अर्धं पुस्तक वाया जातं. मी मैत्रिणीसोबत रोज फोनवर संवाद करते, त्यातून खरी प्रगती झाली. व्याकरण धड्यांमध्ये विखुरलेलं आहे; सगळी रूपं एका तक्त्यात हवी असतील तर दुसरं पुस्तक जवळ ठेवा. कांजी (जपानीतली चित्रलिपीची अक्षरं) ओळखणं आणि मोबाइलवर टाइप करणं यावर भर आहे, हाताने गिरवण्यावर नाही. मला ते पटलं.

जेएफटी-बेसिक या जपान फाउंडेशनच्या परीक्षेसाठी (२५० पैकी २०० गुण हवेत) तयारी छान होते. एन४ साठी (एन५ च्या वरची पातळी) वेगळा अभ्यास लागेल. केअरगिव्हरच्या व्हिसासाठी कामाच्या जपानीची आणखी एक परीक्षा असते, त्यातले शब्दही वेगळे पाठ करावे लागतात. आणि यांपैकी एकाही परीक्षेत बोलायला लावत नाहीत, त्यामुळे क्लास निवडताना निकालाची टक्केवारी नंतर विचारा. तासाभरात प्रत्येक विद्यार्थी किती वेळ बोलतो, ते आधी विचारा.