मेकॅनिकच्या कोर्ससाठी भाच्याला घेऊन तीन ठिकाणं फिरलो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, माझं हडपसरला टू-व्हीलरचं गॅरेज आहे, 16 वर्षं झाली, आणि माझ्याकडं एक पण सर्टिफिकेट नाही. नाना पेठेत एका उस्तादांकडं लागलो होतो, पहिलं वर्षभर पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे, चहा आणायचा आणि शिव्या खायच्या, हाच सिलॅबस. त्यामुळं ताईचा फोन आला की पोराला दहावीला 61 टक्के पडलेत, त्याला गाड्यांचंच करायचंय, ठेव तुझ्याकडं, तेव्हा मीच नाही म्हणालो. तिला राग आला. पण खरं सांगायचं तर मी कार्ब्युरेटर कानानं ट्यून करायला शिकलो आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले, आता साधी स्प्लेंडर पण फ्युएल इंजेक्शनवर चालते, चेक इंजिनची लाइट लागली की मीच गाडी दुसऱ्याकडं स्कॅनिंगला पाठवतो, मग पोराला काय शिकवणार? आणि शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला लावायचं म्हटलं तर पहिला प्रश्न, आयटीआय झालाय का.

तर तीन ठिकाणं बघितली. नावं मुद्दाम देत नाही.

पहिलं, शहरातलं प्रायव्हेट इन्स्टिट्यूट. एसी ऑफिस, काउन्सेलर मॅडम, टॅबवर व्हिडिओ, सगळे विद्यार्थी कोऱ्या डांगरीत हसतायत (डांगरी कोरी दिसली तिथंच माझ्या डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती). एक वर्षाचा कोर्स, 85 हजार फी, हप्ते करून मिळतील, शंभर टक्के प्लेसमेंट. मॅडम म्हणाल्या, सर दोनच सीट राहिल्यात, आणि मी येड्यासारखे 5 हजार बुकिंगचे भरले, वर्कशॉप बघायच्या आधी. ही माझी चूक, कबूल.

मग वर्कशॉप बघितलं. टाइल्स चकाचक, चार इंजिनं स्टँडवर, सगळी निळी-लाल रंगवलेली. आता ज्यानं आयुष्यभर पान्हा धरलाय त्याला एक गोष्ट पटकन दिसते, इंजिन रंगवल्यावर बोल्टच्या डोक्यावरचा रंग बघायचा. पान्हा लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतोच. इथं एका पण हेड बोल्टचा रंग उडालेला नव्हता. मी विचारलं, मॅडम हे शेवटचं कधी खोललं होतं? तर म्हणाल्या, "सर ते डेमोसाठी आहे, मुलं हात लावून खराब करतात." अहो मग मुलं खराब करायलाच येतात ना इथं!

एनसीव्हीटीचं, म्हणजे ट्रेडच्या सर्टिफिकेटला जी सरकारी मान्यता लागते तिचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या आम्ही आयएसओ सर्टिफाइड आहोत. आयएसओ म्हणजे संस्थेचा कारभार कसा चालतो त्याचा कागद, पोराच्या ट्रेडशी त्याचा काही संबंध नाही. घरी येऊन सरकारी पोर्टलवर संस्थेचं नाव शोधलं, नाही सापडलं. म्हणजे 85 हजार देऊन मिळणार त्यांच्याच शिक्क्याचा कागद. वर हे पण सांगितलं की हा कोर्स करून पुढं आरटीओ इन्स्पेक्टरची परीक्षा देता येते. साफ खोटं. त्या पोस्टला एमपीएससीची परीक्षा असते आणि ऑटोमोबाइल नाहीतर मेकॅनिकलचा डिप्लोमा लागतो, वर्षभराच्या खासगी कोर्सवर कुणी फॉर्म पण भरू देणार नाही. ताई हे ऐकून एवढी खूश झाली होती की मला तिला परत खाली आणायला दोन दिवस लागले.

दुसरं, एका चालू गॅरेजच्या वरच्या मजल्यावर तीन महिन्यांचा टू-व्हीलर कोर्स, 18 हजार. जागा अंधारी, पंखा एक. पण शिकवणारा माणूस खरा मेकॅनिक, आठच पोरं, आणि प्रत्येकाला इंजिन खोलून बसवायला लावतो, बसवल्यावर गाडी सुरू झाली नाही तर परत खोल. मला आवडलं ठिकाण. ज्याचं स्वतःचं दुकान टाकायचं नक्की आहे, किंवा वय निघून गेलंय, त्यानं खुशाल जावं. पण कागद म्हणून त्याची किंमत नाही, आणि 16 वर्षांच्या पोराला एवढ्या लवकर एकाच कप्प्यात टाकणं मला पटलं नाही.

तिसरं, ताईच्या तालुक्याचं सरकारी आयटीआय. फी काही हजारांच्या आतच. अ‍ॅडमिशन सगळं ऑनलाइन, दहावीच्या मार्कांवर, फेऱ्या लागतात. इथं एक गोष्ट नीट वाचा कारण आमच्या ओळखीतलं एक पोरगं यात अडकलं. फॉर्मवर पहिल्या नंबरला जो विकल्प टाकाल तो पहिल्या फेरीत लागला तर घ्यावाच लागतो, नंतर मला दुसरा ट्रेड पाहिजे म्हणून चालत नाही. त्यामुळं सायबर कॅफेवाल्याला "भर काहीतरी" असं सांगू नका.

ट्रेडवरून घरात आठवडाभर वाद. डिझेल मेकॅनिक एका वर्षात होतो, मोटर मेकॅनिक व्हेइकल म्हणजे एमएमव्हीला दोन वर्षं. भावोजी म्हणाले एक वर्ष वाचेल. मी म्हणालो दोनच करू दे, कारण दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झाला की पुढं पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जायची वाट उघडी राहते, एक वर्षाच्या ट्रेडला तसं नाही. (म्हणजे आरटीओचं स्वप्न ताईला परत बघता येईल, पण या रस्त्यानं.) तिसऱ्या फेरीत एमएमव्ही लागलं.

आता नऊ महिने झालेत. पहिल्या महिन्यातच भाच्याचा फोन, "मामा, इथं गाडी नाहीच, नुसतं लोखंड घासायला लावतात." फायलिंग ओ. पट्टीचा तुकडा घ्यायचा, कानस मारून चौरस करायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेड दिसतो का बघायचं, परत घासायचं. दोन अडीच महिने हेच, हॅकसॉ, ड्रिल, टॅप, व्हर्नियर, मायक्रोमीटर. पोरगं रडकुंडीला आलं. मी त्याला सांगितलं की माझा उस्ताद मला हे शिकवायला विसरला म्हणून मी पहिल्या दोन वर्षांत किती बोल्टांचे आटे खाल्लेत ते मला विचार. दिवाळीला आला तेव्हा माझ्या गॅरेजात एका अ‍ॅक्टिव्हाचा तुटलेला स्टड त्यानं सरळ मधोमध पंच मारून ड्रिल करून काढला, मी बघतच राहिलो पण त्याला दाखवलं नाही.

नंतर मात्र इंजिनावर गेले. तिथली इंजिनं काळीकुट्ट, एका बोल्टला रंग नाही, शंभर वेळा खोललेली. व्हॉल्व्ह लॅपिंग केलं, रिंग सिलिंडरमध्ये घालून फीलर गेजनं गॅप मोजला, टॅपेट, क्लच, गिअर बॉक्स सगळं हातानं. जुने सर आहेत ते सोनं आहेत, फायरिंग ऑर्डर, म्हणजे चार सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात तो, 1-3-4-2 का असते हे चार पोरांना ओळीत उभं करून उठाबशा काढायला लावून शिकवलं म्हणे.

पण उगाच कौतुक नको. दुसरे सर तासिका तत्त्वावर आहेत, कधी येतात कधी नाही, मग त्या दिवशी दोन बॅच एकत्र आणि पोरं मोबाइलवर. बीएस-6 गाडी एक पण नाही, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर अजून मोठ्या प्रेमानं शिकवतात. स्कॅनर आहे, पण कपाटात, आणि चावी ज्यांच्याकडं ते रजेवर. लाइट गेली की कामं बंद. इलेक्ट्रिकचं तर नावच काढू नका, मल्टीमीटर सगळ्यांत मिळून तीन. म्हणून मी आता रविवारी त्याला त्या स्कॅनिंगवाल्या मित्राकडं बसवतो, लाइव्ह डेटा वाचायला शिकतोय, ओटू सेन्सरचं (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) व्होल्टेज बघून मला फोनवर लेक्चर देतो.

सगळीच सरकारी आयटीआय अशी असतील असं नाही, पुण्यात औंधचं आहे, ते तालुक्यापेक्षा खूप मोठं आहे, पण तिथं मार्क पण तसेच लागतात. तुमच्या जवळचं कसंय ते कळायला माझा एकच उपाय, दुपारच्या सुट्टीत गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभं राहा, पोरांची नखं बघा. काळी असतील तर विचारा शेवटचं इंजिन कधी खोललं, कुणी खोललं, सरांनी खोललं आणि तुम्ही बघितलं की तुम्ही. आणि पास झालेली पोरं अ‍ॅप्रेंटिसला कुठं लागली ते त्यांनाच विचारा, एसटीच्या डेपोत, कुठल्या कंपनीत, की घरी. काउन्सेलरला हे विचारून उपयोग नाही.

स्टार द्यायचे तर आयटीआयला पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या जुन्या सरांचा. गॅरेजवरच्या क्लासला पण साडेतीन, वेगळ्या कारणानं. एसीवाल्यांना एक, कारण शून्य देता येत नाही. बुकिंगचे 5 हजार अजून मिळालेले नाहीत, पावतीवर बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल लिहिलंय आणि फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये असतात.