खाडीकाठची निसर्गचित्रं आणि ऑनलाइन मित्रमंडळी: हाफ पॅन, कॉटन कागद आणि मोबाइलच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

जून ते जानेवारी असा आठ महिन्यांचा वापर, सगळा ठाणे आणि ऐरोली-वाशीच्या पट्ट्यातला. आठवड्याला दोन-तीन जलरंगातली निसर्गचित्रं, वहीच्या पानाएवढी किंवा त्याच्या दुप्पट. जागा त्याच त्या: उपवनचा काठ, येऊरचा पायथा, कोलशेतची खाडी, ऐरोलीची तिवरं, वाशीचं सागर विहार. चित्र वाळलं की मोबाइलवर फोटो आणि तो व्हॉट्सॲपवरच्या दहा-बारा जणांच्या ग्रुपमध्ये. यातले निम्मे एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले नाहीत. मूळ कागद त्यांच्या हातात कधी पडणार नाही, त्यांच्यासाठी चित्र म्हणजे तो फोटोच. कागद, रंग, ब्रश आणि मोबाइल या संचाची पारख याच कसोटीवर केली आहे. प्रदर्शनासाठी किंवा विक्रीसाठी काम करणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात.

खर्चाचं आधी. पैशाचे पाच भाग केले तर तीन कागदावर घालावेत, एक रंगांवर, आणि उरलेल्या एका भागात ब्रश, डबा, मास्किंग टेप, कागदाखाली धरायचा हलका सनबोर्ड हे सगळं बसवावं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. ४८ रंगांचा देखणा डबा घेतात आणि खाली शाळेच्या ड्रॉइंग बुकचा कागद ठेवतात. मग आकाश डागाळलं की दोष स्वतःच्या हाताला देऊन चित्रं काढणंच सोडतात. हे पाहून वाईट वाटतं, कारण तोच हात चांगल्या कागदावर दुसऱ्या दिवशी स्वच्छ आकाश काढू शकतो.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). लाकडाच्या लगद्याचा ३०० जीएसएमचा कागदही वापरून पाहिला. त्यावर रंग वरवर बसतो, दुसरा हात फिरवला की खालचा थर सुटून येतो आणि चिखल होतो. कॉटन रंग आत धरून ठेवतो, त्यामुळे तीन-चार पातळ थर एकावर एक बसतात. येऊरच्या डोंगराची एकामागची दुसरी रांग काढायला हेच लागतं. तयार पॅडपेक्षा ५६ × ७६ सेंमीचा मोठा ताव घेऊन घरी कापलेला परवडतो. चार बाय चार कापला की १४ × १९ सेंमीचे १६ तुकडे निघतात, झोळीत मावतात आणि बिघडले तरी जिवाला लागत नाहीत.

पण ठाण्याच्या हवेत कॉटनचा एक मोठा धोका आहे आणि तो दुकानदार सहसा सांगत नाही. या कागदाला जिलेटिनची किंवा तशाच दुसऱ्या पदार्थाची खळ असते. पाणी लगेच आत न मुरता वर थांबतं ते तिच्यामुळे. दमट हवेत उघडा पडलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते. कोरडा कागद पाहून काहीच कळत नाही. आकाशाचा हात फिरवला की टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके उमटतात, तिथे रंग टिपकागदासारखा आत गेलेला असतो आणि मग तो निघत नाही. म्हणून सुरुवातीलाच कोपऱ्यात ब्रशच्या टोकाने पाण्याचा एक थेंब सोडा. खळ शाबूत असेल तर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा फुगीर उभा राहतो, खिडकीचा उजेड त्यात दिसतो, आणि कडेने तो सावकाश पसरतो. खळ गेली असेल तर थेंब टेकताच सपाट होतो आणि खाली करडा डाग पडतो. असा ताव फेकू नका, पेन आणि शाईच्या रेखाटनांना तो चालतो. जलरंगाचे पातळ, सपाट थर मात्र त्यावर मागू नका.

उपाय साधा: कापलेले तुकडे झिपच्या जाड पिशवीत, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पिशवी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नव्हे, आतल्या भिंतीच्या कपाटात. ओल येते ती बाहेरच्या भिंतीतून. जून ते सप्टेंबर महिनाभर पुरेल एवढाच कागद आणावा. या पद्धतीने ठेवलेले ताव ऑक्टोबरपर्यंत ठणठणीत राहिले, टेबलावर उघडे राहिलेले ऑगस्टमध्येच गेले.

पावसाळ्यातली दुसरी अडचण वाळण्याची. ऑक्टोबरच्या उन्हात जो थर ४-५ मिनिटांत वाळतो, तो जुलैत पंख्याखालीही २०-२५ मिनिटं घेतो. वरची चकाकी गेली म्हणून वाळला असं समजून वर ओला ब्रश टेकवला की नवीन पाणी खालचा रंग ढकलत जातं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटते. खात्री करायची तर बोटाचं मागचं पेर कागदाला हलकेच लावा. गार लागला तर आत अजून पाणी आहे. घाई असेल तर हेअर ड्रायर चालतो, पण हातभर लांबून, आणि चकाकी गेल्यावरच. आधी लावला तर वाऱ्याने रंग एका बाजूला सरकतो. मास्किंग टेप काढतानाही हाच ड्रायर कामाला येतो: टेपवर थोडी ऊब दिली की गोंद मऊ होतो. मग टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरकी, सावकाश ओढा. ओलसर कागदावरून ओढली तर कागदाचा पापुद्रा सोबत येतो.

रंगांसाठी १२ हाफ पॅनचा (रंग भरायच्या छोट्या खणांचा) रिकामा पत्र्याचा डबा आणि ५ मिलीच्या ट्यूब. एका ट्यूबमध्ये साधारण अडीच-तीन पॅन भरतात. पॅन एकदम भरू नका. एक तृतीयांश भरा, दातकोरणीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा, वाळू द्या, मग पुढचा थर. एकदम भरलेला रंग वाळताना आकसतो, मधोमध चिरतो आणि पॅनमधून सुटा होऊन पडतो. मध घातलेले रंग कोरड्या हवेत उत्तम, इथे जुलैत मात्र ते हवेतलं पाणी ओढून घेतात, घट्ट होतच नाहीत. डबा पिशवीत आडवा झाला की पिवळा निळ्यात वाहून जातो. पॅन भरायचं काम मे किंवा ऑक्टोबरमध्ये उरकावं.

बुरशी हा या डब्याचा खरा शत्रू. रंगात गोंद असतो, तो बुरशीचं खाद्य. ओला डबा झाकण लावून ठेवला की चार दिवसांत पॅनवर पांढरी लव येते. वरचा थर खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पॅन आणि डबा पुसा, उघडा वाळवा. डब्यातला स्पंज तर पहिल्याच दिवशी बाहेर काढावा, बुरशीचं माहेरघर तिथेच असतं. त्याऐवजी जुन्या सुती पंच्याचा तुकडा वापरावा, तो रोज धुता येतो. काम झाल्यावर डबा दोन-तीन तास पंख्याखाली उघडा ठेवायचा, ही सवय लागल्यावर एकदाही लव आलेली नाही. डब्याची बिजागरी डिसेंबरपर्यंत गंजली, खाडीकाठच्या खाऱ्या वाऱ्यात ते व्हायचंच. दर आठवड्याला कोरड्या कापडाने पुसली असती तर टिकली असती.

१२ खणांपैकी प्रत्यक्ष वापर सहाचाच: अल्ट्रामरीन (पीबी २९), थॅलो निळा (पीबी १५), यलो ऑकर (पीवाय ४२ किंवा ४३), एक थंड लिंबाळ पिवळा, बर्न्ट सिएना आणि क्विनाक्रिडोन गुलाबी (पीव्ही १९). नावापेक्षा ट्यूबवरचा हा पिगमेंट (रंगद्रव्य) क्रमांक वाचायची सवय लावा. एकाच नावाच्या दोन ट्यूबमध्ये दोन वेगळी पिगमेंट्स असू शकतात. तिवरांचा मळकट हिरवा अल्ट्रामरीन आणि ऑकरमधून येतो. येऊरचा जुलैतला झगझगीत हिरवा थॅलो आणि लिंबाळ पिवळ्यातून, पण त्यात कणभर बर्न्ट सिएना हवाच, नाहीतर डोंगर प्लॅस्टिकचा दिसतो. खाडीचा चिखल आणि पावसाळी ढग दोन्ही अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचेच, फक्त प्रमाण उलटं. फ्लुरोसंट गुलाबी टाळा, उजेडात तो लवकर उडतो. तीच गत ॲलिझरिन या गडद लालाची, पीआर ८३ असलेलं ॲलिझरिन भिंतीवर टिकत नाही.

ब्रश: ८ नंबर गोल, ४ नंबर गोल, अर्ध्या इंचाचा चपटा, तिन्ही सिंथेटिक. पाणी भरलेला वॉटर ब्रश ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-वाशी) लोकलमध्ये रेखाटनावर रंग टेकवायला ठीक, आकाशासाठी निरुपयोगी. दाबाप्रमाणे पाणी कमीजास्त सुटतं आणि पट्टे पडतात.

जागेबद्दल थोडं. येऊरचे डोंगर शहराच्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे उपवनवरून सकाळी त्यांच्यावर समोरून ऊन असतं, घळी आणि उतार दिसतात. संध्याकाळी नुसती गडद आकृती उरते. ऐरोलीकडून पारसिकच्या डोंगराचं नेमकं उलटं. खाडीवर जाताना भरतीचं वेळापत्रक पाहा. भरती-ओहोटीमध्ये साधारण सहा तास, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. ओहोटी लागल्यावर २० मिनिटांत पाण्याची कड मागे जाते आणि चिखलाचा पट्टा रुंदावतो. पाण्याची रेघ पहिल्या पाच मिनिटांत पेन्सिलीने पक्की करा आणि नंतर पाणी कुठेही जावो, ती बदलू नका.

आता फोटो. अर्धी चित्रं इथेच मरतात. चित्र पूर्ण वाळू द्या, ओल्या रंगाला चकाकी असते आणि वाळल्यावर तो फिका पडतो. ऊन थेट न येणारी खिडकी निवडा, ग्रिलची सावली कागदावर पडत नाही ना ते पाहा, आणि घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूबलाइट आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की कागदाची एक बाजू पिवळट आणि दुसरी निळसर येते, ते नंतर कशानेही सुधारत नाही. गॅलरीला हिरवी जाळी असेल तर तिथे फोटो काढूच नका, सगळ्या कागदावर हिरवी झाक चढते. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की उजेड परत येऊन दोन्ही बाजू सारख्या होतात.

मोबाइल ६०-७० सेंमी वर, चित्राला समांतर, २ एक्स झूमवर. जवळून वाइड लेन्सने घेतलं तर चित्राच्या सरळ कडा फुगतात आणि हाताची सावली पडते. पांढरा कागद कॅमेऱ्याला फार उजळ वाटतो म्हणून तो फोटो करडा करतो. स्क्रीनवर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा, समास पांढरा दिसेपर्यंत. चौकटीत सेंटीमीटरभर कोरा समास ठेवा, रंग सुधारताना पांढरं काय ते त्यावरून ठरवता येतं. दृश्य ओळखून रंग आपोआप खुलवणारी कॅमेऱ्यातली सोय बंद करा. तिला झाडं आणि पाणी दिसलं की ती खाडीचा राखाडी निळा करून टाकते, आणि मित्र नेमकं त्याच निळ्याचं कौतुक करतात. जांभळ्या छटा बहुतेक कॅमेऱ्यांत निळ्याकडे झुकतात, त्या संपादनात थोड्या लालसर करून घ्याव्या लागतात.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर अल्ट्रामरीनची रवाळ दाणेदार पोत गुळगुळीत होऊन जाते. पाठवताना एचडी निवडा. पोत दाखवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. मात्र तसं पाठवल्यावर फोटोत नोंदलेलं ठिकाणही सोबत जातं, म्हणून कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद आधी बंद ठेवा. खिडकीतून काढलेल्या चित्राबरोबर घराचा पत्ता अनोळखी माणसापर्यंत पोचायला नको. समोरच्या इमारतीच्या नावाची पाटी, सोसायटीच्या आवारातली मुलं, गाड्यांचे नंबर हेही पाठवण्याआधी एकदा पाहावं.

ग्रुपच्या दोन सेटिंग्ज महत्त्वाच्या. आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवा, नाहीतर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी चित्रंही जातात. आणि शुभ सकाळचे फॉरवर्ड वेगळ्या ग्रुपला, त्यांच्याखाली चित्र तासाभरात गाडलं जातं. रोजच्या जगण्यातले फोटो मात्र याच ग्रुपवर हवेत. गावदेवीच्या मंडईतली अळूची जुडी, कट्ट्यावरचा कटिंग चहा, ओल्या छत्र्यांची रांग. उद्याच्या चित्राचे विषय त्यातूनच निघतात, आणि आठवडाभर ब्रश न उचललेला माणूसही त्यात सामील राहतो.

फोटोखाली आकार, कागद, लागलेला वेळ आणि जागा लिहा. पडद्यावर पोस्टकार्ड आणि अर्धा ताव सारखेच दिसतात. सूचना हव्यात की नकोत हेही लिहा, त्याने मनं दुखावत नाहीत. सूचना देताना चित्रातली एक जागा दाखवून बोला: “तिवरांची पाण्याकडची कड आणि आकाशाकडची कड सारखीच कडक आहे, पाण्याकडची ओल्या ब्रशने मऊ कर.” नुसत्या “अप्रतिम!”ने काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि रंग जास्त पिवळा आहे असं सांगण्याआधी स्वतःच्या मोबाइलचा रात्रीचा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू आहे का ते बघा. संध्याकाळी सातनंतरच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात.

आठ महिन्यांनंतरची शिल्लक: ८ नंबरच्या ब्रशचं टोक बोथट झालंय, तो बदलायचा. सनबोर्डचा एक कोपरा दबलाय, चालेल. लिंबाळ पिवळा आणि गुलाबी दोन्हींची पहिली ट्यूब निम्मी उरली आहे. बर्न्ट सिएनाची दुसरी चालू आहे, अल्ट्रामरीनची तिसरी. नवीन संच घेणाऱ्याने हे दोन रंग सुरुवातीलाच जास्तीचे आणावेत.